पारा कुठे जातो?

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सचं प्रॅक्टिकल ज्यांनी ज्यांनी केलं आहे, त्या सगळ्यांना यू-ट्यूब मॅनोमीटर नावाचा प्राणी चांगलाच माहीत असेल. व्हेंचुरीमीटरला जोडलेली काचेची वाकडी नळी, नळीत चकाकणारा पारा आणि शेजारी पट्टी. रीडिंग घ्यायचं, 'एक्स'ला १२.६ नं गुणायचं, जर्नलमध्ये उतरवायचं आणि चहाला पळायचं. पारा तिथे का असतो, याच्याशी आपला संबंध व्हायवापुरताच!

आमच्या बॅचला कुणीतरी व्हॉल्व्ह एकदम उघडला. क्षणात नळीतला पारा वर उसळला आणि टेबलावर सांडला, तिथून फरशीवर. मोत्याची माळ तुटावी तसे त्याचे मणी चहूकडे पळाले. मग काय विचारता! अख्खी बॅच खाली बसली. कुणी पेनच्या टोकानं मणी एकत्र करतोय, कुणी तळहातावर घेऊन फिरवतोय, एकानं तर तो रुपयाच्या नाण्याला चोळायला घेतला. सर आले, ओरडले, सगळ्यांना बाहेर काढलं. नंतर लॅबचे मामा आले. त्यांनी झाडूनं मणी गोळा केले, सुपलीत घेऊन बाटलीत भरले. बाकीचा पारा टेबलाखाली फरशीच्या फटींत गेला. आम्ही म्हटलं, "जाऊ दे, गेला."

'गेला' म्हणजे नक्की कुठे गेला, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच पडला नाही. मला तो पडला पुढच्या वर्षी, एनव्हायरन्मेंटल इंजिनिअरिंग शिकताना. उत्तर शोधता शोधता त्या फटीतून निघून थेट कॅनडातल्या एका तळ्यापर्यंत जावं लागलं. तो प्रवास तुमच्यापुढे मांडतो आहे.

आधी थोडं गणित

पारा हे ८० व्या क्रमांकाचं मूलद्रव्य. उणे ३९ अंशाला गोठतो, ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. इथेच आपली पहिली फसगत होते. ३५७ ला उकळणारा पदार्थ खोलीत कशाला उडून जाईल, असं वाटतं. पण पाणी तरी कुठे १०० अंशाची वाट बघतं? दोरीवरचा शर्ट ३० अंशालाही वाळतोच. पाऱ्याचंही तसंच, फक्त हळू. २५ अंशाला त्याचा बाष्पदाब साधारण ०.२५ पास्कल असतो. आदर्श वायूच्या समीकरणात हा आकडा घाला, अणुभार २०० धरा, उत्तर येतं दर घनमीटर हवेत साधारण २० मिलिग्रॅम. बंद खोलीत पारा उघडा ठेवला आणि हवा अजिबात हलली नाही, तर हवेत जास्तीत जास्त एवढी वाफ मावेल.

आता दुसरा आकडा. दिवसाचे आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी अमेरिकेतली औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था जी मर्यादा सुचवते, ती आहे दर घनमीटरला ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे हवेत मावू शकणारी वाफ या मर्यादेच्या ८०० पट! खऱ्या लॅबमध्ये खिडक्या असतात, पंखे असतात, त्यामुळे ही पातळी कधी गाठली जात नाही. पण तिच्या एक टक्का जरी वाफ साठली, तरी मर्यादा आठ पटींनी ओलांडली. या वाफेला रंग नाही, वास नाही. नाकाला कळेल म्हणाल तर शक्यच नाही.

पारा सांडला की फुटतो, हीसुद्धा साधी गोष्ट नाही. एक घनसेंटिमीटरचा एकच थेंब असेल तर त्याचं पृष्ठफळ पाच चौरस सेंटिमीटरहूनही कमी. त्याचेच एक मिलिमीटर व्यासाचे मणी केले तर ते होतात सुमारे १९०० आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ भरतं ६० चौरस सेंटिमीटर. बारा पट! बाष्पीभवन पृष्ठफळावर अवलंबून असतं, हे आपण बारावीलाच शिकलो. झाडू मारला की मणी आणखी बारीक होतात, म्हणजे काम आणखी बिघडतं.

पोटात गेलेला द्रवरूप पारा बहुतेक तसाच बाहेर पडतो. वाफेचं तसं नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांवाटे रक्तात उतरतो आणि मेंदू व मूत्रपिंडात पोचतो. हात थरथरणं, झोप न लागणं, चिडचिड, विसरभोळेपणा ही दीर्घकाळ वाफ घेतल्याची लक्षणं आहेत. आपण त्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन तास असतो, तेही एक सेमिस्टर. मामा रोज आठ तास असतात, वर्षानुवर्षं. वर सांगितलेली मर्यादा त्यांच्यासाठी आहे.

खिडकीतून बाहेर

"मग खिडक्या उघडा, संपलं!" असं कुणीही म्हणेल. खोलीपुरतं ते बरोबरच आहे. बाहेर गेलेला पारा हवेत इतका पातळ होतो की श्वासातून त्रास होण्याचा प्रश्नच राहत नाही. उत्तर गोलार्धातल्या स्वच्छ हवेत दर घनमीटरला साधारण दीड नॅनोग्रॅम पारा असतो. एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख नॅनोग्रॅम, यावरून अंदाज घ्या.

पण पातळ झाला म्हणजे संपला असं नाही. पारा मूलद्रव्य आहे. तो कुजत नाही, जळत नाही, त्याचं दुसरं काही होऊन तो नाहीसा होत नाही. जागा बदलतो आणि रूप बदलतो, एवढंच.

हवेतला ९५ टक्क्यांहून जास्त पारा मूलद्रव्याच्या रूपात, एकेकट्या अणूंच्या वाफेत असतो. हे रूप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतो. पाऱ्याचं हे रूप मात्र पावसाला दाद देत नाही. सहा महिने ते वर्षभर ते हवेत तरंगत राहतं, आणि तेवढ्या काळात वारे पृथ्वीला कित्येक प्रदक्षिणा घालतात. त्यामुळे पाऱ्याला 'आमचा' आणि 'तुमचा' असं काही नसतं. कुठल्या चिमणीतून निघालेला अणू कुठल्या डोंगरावर उतरेल, काही सांगता येत नाही.

मग तो खाली येतो तरी कसा? त्यासाठी त्याचं ऑक्सिडेशन व्हावं लागतं. पाऱ्याच्या अणूनं दोन इलेक्ट्रॉन गमावले की त्याची संयुगं पाण्यात सहज विरघळतात. हे काम हवेत मुख्यतः ब्रोमिनचे अणू करतात, आणि ब्रोमिन येतं समुद्राच्या खाऱ्या तुषारांमधून आणि समुद्री वनस्पतींनी सोडलेल्या वायूंमधून. याचा ठळक नमुना कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, अलर्ट नावाच्या केंद्रावर १९९५ साली दिसला. ध्रुवावरची लांबलचक रात्र संपून वसंतात सूर्य उगवला की तिथल्या हवेतला पारा काही तासांत जवळजवळ नाहीसा व्हायचा. उन्हामुळे बर्फावरच्या क्षारांतलं ब्रोमिन मोकळं होतं, ते पाऱ्याला पकडतं आणि पारा बर्फावर उतरतो.

जगात इतरत्र हेच काम हळूहळू, मुख्यतः वातावरणाच्या वरच्या थरांत चालतं. विरघळणारं रूप ढगातल्या थेंबांत शिरतं, धूलिकणांना चिकटतं आणि पावसातून खाली येतं. अमेरिकेत १९९६ पासून ठिकठिकाणी पावसाचं पाणी गोळा करून त्यातला पारा मोजला जातो. तिथे सर्वांत जास्त पारा पाडणाऱ्या भागांत फ्लॉरिडा येतं, आणि तिथे काही सगळ्यात जास्त कारखाने नाहीत. तिथले उन्हाळ्यातले गडगडाटी ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात आणि वरच्या थरांत तयार झालेला ऑक्सिडाइज्ड पारा धुऊन खाली आणतात.

पाऊस ही एकच वाट नाही. झाडं पानांच्या रंध्रांतून हवेतला वायुरूप पारा शोषून घेतात आणि पानगळीत तो जमिनीला देतात. जंगलात तर हा वाटा पावसापेक्षाही मोठा भरतो.

जमिनीवर उतरलेला पारा तरी तिथे थांबतो का? नाही. त्यातला काही भाग माती आणि समुद्राच्या पृष्ठभागावरून पुन्हा वाफ होऊन वर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे दरवर्षी हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे १० टक्के ज्वालामुखीसारख्या नैसर्गिक स्रोतांचा, ३० टक्के माणसाच्या आजच्या उद्योगांचा, आणि तब्बल ६० टक्के पूर्वी कधीतरी पडून पुन्हा वर उठलेला असतो. या शेवटच्या हिश्श्यातलाही बराचसा आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या भट्ट्यांनी आणि खाणींनी सोडलेला!

हा येतो कुठून?

त्याच अहवालात २०१५ सालचा हिशेब आहे. माणसानं त्या वर्षी हवेत सुमारे २२२० टन पारा सोडला. सगळ्यात मोठा वाटा, ३८ टक्के, सोन्याच्या छोट्या छोट्या खाणींचा. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आग्नेय आशियात लाखो गरीब माणसं खडकाच्या भुकटीत पारा कालवून सोनं पकडतात आणि मग तो गोळा आगीवर तापवून पारा उडवून लावतात. दुसरा मोठा वाटा, सुमारे २१ टक्के, कोळसा जाळण्याचा.

आपला संबंध येतो तो इथे. कोळशात पारा अगदी थोडा असतो. दर टनाला ०.१ ग्रॅम धरू. पण ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला साधारण ८००० टन कोळसा खातो. म्हणजे भट्टीत दररोज ८०० ग्रॅम पारा. भट्टीच्या तापमानाला त्याची पूर्ण वाफ होते. पुढे धूर थंड होताना काही पारा राखेला चिकटतो, तो इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर पकडतो. काहीचं कोळशातल्या क्लोरिनमुळे ऑक्सिडेशन होतं, तो स्क्रबरच्या पाण्यात विरघळतो. जो मूलद्रव्याच्या रूपातच राहतो, तो दोघांनाही चकवून चिमणीतून वर जातो. म्हणून काही ठिकाणी कोळशात मुद्दाम ब्रोमिनचे क्षार मिसळतात किंवा धुरात ॲक्टिव्हेटेड कार्बनची भुकटी फवारतात. निसर्ग जे काम महिनोन्‌महिने करतो, तेच चिमणीच्या आत काही सेकंदांत उरकायचं, अशी ही युक्ती. मेकॅनिकल आणि केमिकलच्या मित्रांनो, प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा घ्या! आपल्या देशात डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यासाठी दर घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा प्रथमच घालण्यात आली.

पावसातला पारा आणि तळ्यातला मासा

पावसाच्या पाण्यात दर लिटरला साधारण १० नॅनोग्रॅम पारा धरू. वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडला तर एका चौरस मीटरवर १००० लिटर पाणी, म्हणजे १० मायक्रोग्रॅम पारा. आठ हेक्टरच्या तळ्यावर वर्षभरात एक ग्रॅमसुद्धा नाही. हे पाणी पिऊन कुणाला काही होणार नाही. मग एवढा आरडाओरडा कशासाठी?

याचं उत्तर तळ्याच्या गाळात आहे. जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा चिखलात काही बॅक्टेरिया राहतात. ते पाऱ्याला मिथाइलचा एक गट जोडतात. २०१३ साली या कामासाठी लागणारी दोन जनुकं सापडली. तयार होणारा मिथाइल मर्क्युरी सजीवांच्या प्रथिनांना घट्ट चिकटतो आणि शरीरातून फार हळू बाहेर पडतो. शेवाळातून तो बारीक किड्यांत जातो, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढतं. पाण्याच्या तुलनेत शिकारी माशाच्या मांसात ते दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. तळून, उकडून तो जात नाही.

१९७०-८० च्या दशकांत स्वीडन, कॅनडा, अमेरिकेत आजूबाजूला एकही कारखाना नसलेल्या तळ्यांतल्या माशांमध्ये पारा सापडायला लागला. संशय हवेवर गेला. पण सिद्ध कसं करणार? तळ्याच्या तळाशी जुना पारा असतोच. माशातला पारा आजच्या पावसातला की शंभर वर्षांपूर्वीच्या गाळातला, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न वीज कंपन्या आणि पर्यावरणवादी या दोघांच्याही कळीचा होता. सगळा पारा जुन्या गाळातून येत असेल, तर चिमणीवर खर्च करून काय उपयोग?

कॅनडा आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी यावर जो प्रयोग केला, तो मला आजवर वाचलेल्या प्रयोगांत सगळ्यात सुंदर वाटतो. पाऱ्याचे सात स्थिर आयसोटोप असतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं सगळे सारखेच, पण मास स्पेक्ट्रोमीटरला वेगळे ओळखू येतात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात प्रयोगांसाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातलं 'लेक ६५८' निवडलं. २००१ ते २००७ अशी सात वर्षं तळ्याच्या पाण्यात होडीतून २०२ वस्तुमानांकाचा पारा सोडला. भोवतीच्या उंच जमिनीवर विमानातून २०० चा आणि दलदलीवर १९८ चा. प्रत्येक जागेच्या पाऱ्याला जणू वेगळ्या रंगाचं लेबल लावलं! प्रमाण होतं वर्षाला दर चौरस मीटरला सुमारे २२ मायक्रोग्रॅम. तळं आठेक हेक्टरचं, म्हणजे हिशेबानं तळ्यात वर्षाला जेमतेम पावणेदोन ग्रॅम. दोन-तीन थेंब.

निकाल काय लागला? दोन-तीन महिन्यांतच लेबल लावलेला पारा माशांत दिसायला लागला. पहिल्या तीन वर्षांत माशांत वाढलेला पारा जवळजवळ सगळा थेट तळ्यावर पडलेला होता. जमिनीवर टाकलेल्यापैकी एक टक्कासुद्धा तळ्यात उतरला नव्हता, तो पानांत आणि मातीत अडकून राहिला होता. म्हणजे पावसातला ताजा पारा माशापर्यंत झटपट पोचतो, हे सिद्ध झालं.

त्यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००७ नंतर पारा टाकणं बंद केलं आणि पुढची आठ वर्षं मासे तपासत राहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लहान माशांतला लेबल लावलेला मिथाइल मर्क्युरी ८५ ते ९१ टक्क्यांनी घटला होता. मोठ्या माशांच्या दोन जातींतही ३८ आणि ७६ टक्क्यांनी घट होती. वरून येणारा पारा थांबवला, तर माशांतला पारा एका पिढीच्या आत उतरतो. म्हणजे चिमणीवरचा खर्च वाया जात नाही!

कोडाईकनालची हवा

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे पाऱ्याच्या हवेतल्या प्रवासाची सगळ्यात परिचित गोष्ट तामिळनाडूतल्या कोडाईकनालची आहे. अमेरिकेतून हलवलेला थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकात तिथे डोंगरावर सुरू झाला आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरच्या ताब्यात आला. मार्च २००१ मध्ये गावातल्या भंगाराच्या गोदामात पारा लागलेल्या फुटक्या काचेचे ढीग सापडले, लोक रस्त्यावर उतरले आणि कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पारा असलेला शेकडो टन कचरा जहाजानं अमेरिकेला परत पाठवला गेला.

पण हवेतून गेलेल्याचं काय? भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद इथल्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी तिथली शेवाळं आणि दगडफूल गोळा केलं. या वनस्पतींना खरी मुळं नसतात, बहुतेक सगळं त्या हवेतून आणि पावसातून घेतात, म्हणून हवेची नोंदवही म्हणून त्या उत्तम. कोडाई तळ्याकाठच्या नमुन्यांत वीस किलोमीटरवरच्या बेरिजम तळ्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त पारा निघाला. कारखान्याबाहेरच्या हवेत दर घनमीटरला १.३२ मायक्रोग्रॅम पारा मोजला गेला, स्वच्छ हवेच्या जवळजवळ नऊशे पट. कोडाई तळ्याच्या पाण्यात दर लिटरला ३५६ ते ४६५ नॅनोग्रॅम पारा होता आणि त्यातला काही मिथाइल मर्क्युरीच्या रूपात. हे निष्कर्ष २००३ आणि २००६ साली प्रसिद्ध झाले.

कामगारांनी पंधरा वर्षं लढा दिला. कंपनीनं त्यांच्या आजारांचा पाऱ्याशी संबंध मान्य केला नाही, पण मार्च २०१६ मध्ये मानवतेच्या भूमिकेतून ५९१ माजी कामगारांशी समझोता केला.

जपानच्या मिनामाताची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचली आहे. तिथे कारखान्याचं सांडपाणी थेट समुद्रात जात होतं आणि १९५६ मध्ये तो आजार प्रथम नोंदला गेला. मासे खाणाऱ्या, स्वतः ठणठणीत दिसणाऱ्या आयांची मुलं मेंदूला इजा होऊन जन्मली. मिथाइल मर्क्युरी वारेतून गर्भापर्यंत पोचतो, म्हणून सगळ्यात जास्त धोका पोटातल्या बाळाला. त्या गावाच्या नावानंच २०१३ मध्ये पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १६ ऑगस्ट २०१७ ला अमलात आला आणि भारतानं त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि रक्तदाबमापक बनवणं थांबवायची मुदत त्यात २०२० ठरली, तर ट्यूबलाइटचं उत्पादन आणि व्यापार २०२७ पर्यंत बंद करायचं २०२३ मध्ये ठरलं.

(मासे खाणाऱ्यांनी घाबरू नये. तारली, मांदेली, बांगडा हे साखळीच्या खालच्या पायरीवरचे, त्यांत पारा कमी. मुशी किंवा मोठा ट्यूना यांसारखे शिकारी मासे मात्र बेतानं, विशेषतः घरात कुणी गरोदर असेल तर.)

आता आपल्या दाराशी

होस्टेलमध्ये एलईडी आल्या आणि काढलेल्या जुन्या ट्यूबचा ढीग मेसच्या मागे लागला. परीक्षा संपल्या की त्या भाल्यासारख्या फेकायच्या, आवाज मस्त येतो! एका ट्यूबमध्ये ५ मिलिग्रॅम पारा धरा, जुन्यांत याहून जास्तच. दहा ट्यूबचे झाले ५० मिलिग्रॅम. वरच्या हिशेबानं वर्षभराच्या पावसातून सव्वा एकरावर जेवढा पारा पडतो, तेवढा. तोही एका संध्याकाळी, गंमत म्हणून.

मॅनोमीटरचंही गणित करून पाहिलं. ६ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ८० सेंटिमीटर लांब पारा म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम. लेक ६५८ मध्ये सात वर्षांत मिळून सोडला होता सव्वाबारा ग्रॅम. आपल्या एका मॅनोमीटरमध्ये त्याच्या चोवीस पट पारा आहे, आणि लॅबमध्ये असे किती आहेत ते मोजून बघा.

म्हणून काही साध्या गोष्टी:

१. पारा सांडला तर आधी खिडक्या उघडा, पंखा बंद करा, गर्दी बाहेर. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर कधीही नको. पत्त्याच्या कडेनं मणी एकत्र करा, ड्रॉपरनं उचला, बारीक कण चिकटपट्टीनं टिपा. अंगठी-घड्याळ आधी काढून ठेवा, सोन्याला पारा लगेच धरतो.

२. गोळा केलेला पारा घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर पाण्याचा थर ठेवून, लेबल लावून ठेवा. बेसिनमध्ये ओतलात तर थेट बॅक्टेरियांच्या घरी पाठवलात.

३. फटींत अडकलेल्या पाऱ्यावर गंधकाची भुकटी टाका. पारा-गंधक संयुग झालं की वाफ खूपच कमी होते. हा तात्पुरता इलाज, नंतर भुकटीही गोळा करायचीच.

४. ट्यूब फुटली तर खोली दहा-पंधरा मिनिटं मोकळी सोडा, मग काचा कार्डानं उचलून बंद डब्यात ठेवा. न फुटलेल्या ट्यूब खोक्यात उभ्या ठेवून रेक्टर सरांकडे द्या. २०१६ पासून त्या ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, कचराकुंडीत टाकायच्या नाहीत.

५. स्टाफला नम्र विनंती: नवे मॅनोमीटर घेताना डिजिटल प्रेशर गेज घ्यावेत. १२.६ नं गुणायची मजा जाईल, पण ते आम्ही सोसू.

हा लेख लिहिताना मी पुन्हा लॅबमध्ये गेलो. मामांना विचारलं, "मामा, त्या वेळी सांडलेला पारा सगळा मिळाला होता का हो?" त्यांनी कपाट उघडून बाटली दाखवली. पाऱ्यावर दोन बोटं पाणी होतं. "असं ठेवायचं असतं म्हणून एका जुन्या सरांनी सांगितलेलं," म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून ते टेबल सरकवलं. बॅटरीच्या उजेडात फरशीच्या फटीत बारीक बारीक मणी चमकत होते. पावणेदोन वर्षांनंतरही! मामा वाकून बघत राहिले. "अरे बाबा, मी तर रोज इथंच डबा खातो," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी खिडक्या उघडून, पत्ते आणि चिकटपट्टी घेऊन आम्ही दीड तास ती फट साफ केली, वर गंधक टाकलं. मामांच्या डब्याची जागा आता बाहेरच्या व्हरांड्यात आहे. उरलेल्या टेबलांखाली अजून कुणी बघितलेलं नाही. त्यासाठी पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता लॅबमध्ये जमायचं आहे. ज्यांनी ज्यांनी त्या मण्यांशी खेळून घेतलं, त्या सगळ्यांनी यावं!